निर्णय बरोबर होता

गाझियाबादच्या आमच्या सोसायटीत माणूस कोण आहे हे त्याच्या दारावरच्या पाटीवरून ठरतं. रिटायर्ड डायरेक्टर, रिटायर्ड इंजिनिअर, रिटायर्ड प्रिन्सिपल. पेन्शन सुरू होऊन किती वर्षं लोटली तरी पाटी कोणी काढत नाही. मी रिटायर्ड ड्रायव्हर. कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या जुन्या गेस्ट हाउसची गाडी चालवली, आणि चौथीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही. मुलाने इथे फ्लॅट घेतला तेव्हा त्याने विचारलं, "पाटीवर तुमचं काय लिहू?" मी म्हणालो, "काही लिहू नको. माझं मी खाली जाऊन लिहून येतो."

आणि लिहून आलो. आमच्या पार्कात थंडी सुरू झाली की उन्हात कॅरम मांडतात. गळ्याला मफलर, डोक्याला माकडटोपी, आणि बोटं तेवढी उघडी. मी कॅरम शिकलो गेस्ट हाउसमागच्या स्टाफ क्वार्टरमध्ये. तिथल्या चौदा एप्रिलच्या जयंतीच्या टुर्नामेंटमध्ये माझ्यासमोर उभं राहायला लोक कां कू करायचे. इथे आलो त्याच थंडीत मी तिसऱ्या मजल्यावरच्या रिटायर्ड डायरेक्टरला हरवलं. त्याचा स्वतःचा स्ट्रायकर होता, मखमली पिशवीत. त्या दिवसापासून मला सगळे 'चैंपियन साहब' म्हणतात. गेटवरचा गार्ड सलाम करतो. लिफ्टमध्ये माझ्या मजल्याचं बटण दुसरं कोणीतरी दाबतं.

साहेब हा शब्द मी आयुष्यभर दुसऱ्यांना लावला. गाडीचं दार उघडताना, लावताना, बॅग उचलताना. म्हातारपणी तो मला लागला. पण पेन्शनसारखा तो कायमचा नाही. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की फायनल असते, आणि दर वर्षी तो पुन्हा जिंकावा लागतो. हरलो तर मी पुन्हा चौथ्या मजल्यावरच्यांचे वडील.

तर या थंडीत माझी नात माझ्यामागे लागली. ती मानसशास्त्रात एम.ए. करते, त्यातही खेळाडूंचं मानसशास्त्र. दिल्लीत वाढलेली पोर. मराठी बोलते, पण करंगळी म्हणजे कोणतं बोट हे तिला दाखवावं लागतं.

"आबा, मला एक एक्स्पर्ट पाहिजे."

"कशाचा?"

"डिसिजन मेकिंगचा. खेळाडू प्रेशरमध्ये कुठे बघतो, काय ठरवतो, आणि मग खेळ कसा होतो, त्यावर माझा प्रोजेक्ट आहे."

"मग क्रिकेटवाले बघ."

"ते फोन उचलत नाहीत."

"म्हणजे मी उरलेला एक्स्पर्ट."

"तसं नाही ना यार. तुम्ही बेस्ट आहात."

बेस्ट आहे हे मला माहीत होतं, पण शिकलेल्या माणसाने म्हटलं की जरा वेगळं वाटतं. मी हो म्हणालो.

आधी तिने नुसते प्रश्न विचारले. घरातल्या बोर्डावर मी एक गोटी मारली की ही विचारणार, "हीच का मारली?"

"दिसली म्हणून."

"पण दुसरी पण दिसत होती."

"ती नंतर दिसली."

"अच्छा, म्हणजे इन्ट्युइशन."

"म्हणजे अनुभव."

"एकच आहे आबा."

"एक कसं असेल? अनुभवाला वर्षं लागतात. तुझ्या त्या शब्दाला काय लागतं?"

मग तिने कॉलेजमधून एक चष्मा आणला. काळी फ्रेम, कानामागून निघणारी वायर, आणि काचेच्या आत दोन बारीक डोळे, जे माझ्या डोळ्यांवर लक्ष ठेवणार. मी कुठे बघतो ते सगळं त्यात टिपलं जाणार. माझा नंबरचा चष्मा लांबचा आहे, बोर्डापुरतं मला उघड्या डोळ्यांनी दिसतं, त्यामुळे अडचण नव्हती. तो लावून मी लीगची मॅच खेळायला पार्कात उतरलो.

"चैंपियन साहब, शूटिंग है क्या?" कोणीतरी विचारलं.

"रिसर्च है," मी म्हणालो. "कॉलेज ने बुलाया है।"

कॉलेजने बोलावलं नव्हतं. पण नात कॉलेजची, म्हणजे कॉलेजनेच. मॅच मी जिंकलो, ते सांगायला नकोच.

त्या संध्याकाळी तिने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. बायको बाजूला बसून मटार सोलत होती. पडद्यावर आमचा बोर्ड दिसत होता आणि त्यावर एक हिरवा ठिपका फिरत होता.

"हा ठिपका म्हणजे तुमची नजर," नात म्हणाली.

बघून मलाच कौतुक वाटलं. ठिपका गोटीवर जातो, तिथून पॉकेटवर, परत स्ट्रायकरवर, जसा जुना कंडक्टर बसभर फिरावा. आणि मग, फटका मारायच्या आधी, ठिपका बोर्डावरून उतरला. समोरच्याच्या खांद्यावरून पलीकडे गेला आणि एका खुर्चीपाशी थांबला. खुर्चीत एक मांडी, मांडीवर मरून रंगाच्या लोकरीचा गुंडा आणि दोन सुया.

"हे काय आहे आबा?"

"ऊन तिकडून येत होतं."

तिने पुढचा फटका लावला. ठिपका पुन्हा सुयांवर. त्याच्या पुढचा. पुन्हा सुयांवर.

"ऊन प्रत्येक वेळी?"

मी मटाराचा एक दाणा तोंडात टाकला. नात मात्र पुढे सरसावून बसली. सोपे फटके मी सरळ मारत होतो. जिथे मन दोन गोट्यांत अडकलं होतं तिथे तेवढं वर बघत होतो. सुया चालू असल्या की मी फटका मारत होतो. सुया थांबलेल्या असल्या की स्ट्रायकर उचलून दुसरीकडे ठेवत होतो. एकदा नाही, दर वेळी. मी माझ्या बायकोकडे बघतो हे मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत घरात तरी कुठे बघतो.

"आजी, तू सुया का थांबवतेस?"

"मी कुठे थांबवते?" बायको मटार ठेवून लॅपटॉपकडे वाकली. थोडं बघितलं. "हां. ते यांच्या अंगठ्यामुळे."

"कुठला अंगठा?"

"पायाचा. चपलेत वर-खाली करतात. लग्न झालं तेव्हापासूनचं आहे. चुकीचं काही करायचं असलं की आधी अंगठा हलतो. भाजी घेताना, पाहुण्यांसमोर बोलताना, कुठेही. तो हलला की माझा टाका चुकतो, म्हणून मी थांबते."

"आणि कॅरममधलं तुला काय कळतं?" नातीने विचारलं.

"मला काय कळायचंय? लाकडावर लाकूड आपटतात."

नातीला इतका आनंद झाला की तिने लॅपटॉपलाच टाळी दिली. "लूप आहे आबा. तुम्ही चुकताय हे तुमच्या अंगठ्याला आधी कळतं, अंगठ्याचं आजीला कळतं, आणि आजीचं तुम्हाला कळतं."

"म्हणजे निर्णय अंगठ्याचा?"

"तुमचाच. फक्त फिरून येतो."

हे मला पटणार नव्हतं. मी मोठ्या साहेबांना धुक्यातून स्टेशनवर पोचवलंय, मागे बसलेल्याला विचारून कधी गाडी वळवली नाही. मी तिला स्पष्ट सांगितलं, "माझा निर्णय डोक्यातून निघतो आणि बोटात उतरतो. मध्ये थांबा नाही." आणि बायकोला म्हणालो, "फायनलला तू खाली यायचं नाही."

मला वाटलं ती दोन शब्द बोलेल. ती म्हणाली, "बरं झालं. उन्हात माझं डोकं दुखतं."

नात म्हणाली, "बिल्कुल परफेक्ट. आजीशिवायचा डेटा पण मिळेल."

फायनलला समोर तोच डायरेक्टर होता. भला माणूस, पण एक फटका मारायला त्याला एक सीझन लागतो. स्ट्रायकर पिशवीतून काढणार, फुंकणार, पुसणार, पुन्हा फुंकणार. इतकी वर्षं त्याचं हे चालू असताना मी बायकोकडे बघून मराठीत काहीतरी बोलायचो. "हा आता आंघोळ करून येईल, मग मारेल." किंवा, "याच्या टेबलावरच्या फायलींना पोरं झाली असतील." दिल्लीत मराठी म्हणजे आपली आतली खोली. दार उघडं टाकून बसलं तरी कोणी आत येत नाही. तो बिचारा हसून स्ट्रायकर फुंकत राहायचा.

तीन बोर्डांची फायनल, दोन जिंकेल तो चॅम्पियन. मी तो रिसर्चचा चष्मा लावून बसलो. पहिला बोर्ड बरा चालला होता. शेवटी मला दोन गोट्यांतून एक निवडायची होती. स्ट्रायकर ठेवला आणि मान आपोआप वर गेली. खुर्चीत बायको नव्हती, हे मला माहीत होतं. पण खुर्ची रिकामीही नव्हती. डायरेक्टरची बायको तिथे येऊन बसली होती, आणि तीही विणत होती. इकडे थंडीत बाई दिसली की सुया दिसतातच. मी बघितलं, आणि तिच्या सुया थांबल्या.

मी स्ट्रायकर उचलला. दुसरी गोटी मारली. ती कडेला लागून परत माझ्याकडेच आली, आणि डायरेक्टरने एका दमात बोर्ड संपवला. मग मी पाहिलं तर त्याची बायको खुर्चीखाली वाकून लोकरीचा गुंडा शोधत होती.

चहाची सुट्टी झाली. भजी आली. नात माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आबा, ठिपका त्या आंटीवर गेला असणार. मी मान बघितली तुमची."

"हळू बोल."

"आजीला बोलावू?"

मी भजी खाल्ली. अजून एक खाल्ली. पलीकडे डायरेक्टर आपल्या मखमली पिशवीची नाडी बांधत होता आणि लोक आत्तापासूनच त्याच्या भोवती जमले होते. गार्डसुद्धा. "बोलाव," मी म्हणालो.

ती वर गेली आणि एकटीच खाली आली. "आजी म्हणते, ज्याने येऊ नको म्हटलं, त्यानेच ये म्हणावं."

वर पाहिलं तर बायको चौथ्या मजल्याच्या बाल्कनीत शाल घेऊन उभी. कठड्यावर हात ठेवून, जशी काही परेड बघायला आली आहे. आता जिने चढून जायला वेळ नव्हता, लिफ्ट बंद होती. मी पार्काच्या मध्ये जाऊन उभा राहिलो.

"अगं, ये खाली."

"कशाला?"

"बस जरा."

"ऊन आहे ना."

"ऊन गेलं."

"कुठे गेलं? मला इथून दिसतंय."

सगळे बघत होते, पण आमची बोली आमच्यापुरती, म्हणून मी मोकळ्या आवाजात सांगून टाकलं. "तू समोर नसलीस की मला सुचत नाही. झालं समाधान? या म्हाताऱ्याला हरवणं अवघड नाही, तू फक्त समोर बस आणि सुया घेऊन ये."

बायको आत वळली. मी समाधानाने वळलो, तर मागे डायरेक्टर चहाचा कप खाली ठेवत होता.

"माझा ऑब्जेक्शन आहे," तो म्हणाला. मराठीत.

पार्कात कोणाला काही कळलं नाही, मला मात्र सगळं कळलं. सोसायटीचे सेक्रेटरी, जे रेफरीही होते आणि पूर्वी प्रिन्सिपल होते, त्यांनी आश्चर्याने विचारलं, "आप मराठी समझते हैं?"

"नागपुर में पोस्टिंग थी मेरी, जवानी में," डायरेक्टर म्हणाला. मग माझ्याकडे बघून सावकाश म्हणाला, "सब समझता हूँ। नहाने वाली बात भी।"

मी बोर्डावरची पावडर सारखी करायला लागलो. ती आधीच सारखी होती. इतक्या थंड्या, इतकी वाक्यं. त्यातली कुठली कुठली त्याने ऐकली असतील याचा हिशेब मी मनात लावत होतो आणि तो लागत नव्हता. फायलींची पोरं नक्की ऐकली होती.

ऑब्जेक्शन असं होतं की मला बाहेरून मदत मिळते. सेक्रेटरींना चौकशी म्हटली की तरतरी येते. बायको खाली आली तशी त्यांनी तिला खुर्चीत बसवून विचारायला सुरुवात केली.

"भाभी जी, आप कैरम जानती हैं?"

"जानती हूँ। चौकोन होता है।"

"क्वीन कब लेनी चाहिए?"

"जब मिले।"

लोक हसले. डायरेक्टरही हसला, पण सोडेना. तेव्हा नात पुढे झाली आणि तिने इंग्रजीत बराच वेळ सगळं समजावून सांगितलं, अंगठ्यापासून ठिपक्यापर्यंत. मला वाटलं ती माझी बाजू मांडतेय. मांडून झाल्यावर सगळी सोसायटी माझ्या पायाकडे बघत होती.

"तो फिर," डायरेक्टर म्हणाला, "चैंपियन साहब जूते पहनें।"

सेक्रेटरींनी निकाल दिला. भाभीजी बसू शकतात. सुया टेबलावर ठेवाव्या. आणि मी बूट घालावेत. नात वर जाऊन माझे काळे बूट घेऊन आली, ड्युटीवरचे, अजून चकाकतात. गाडीबाहेर उभं राहताना मी हे बूट घातले आहेत, पण कॅरमसाठी बूट बांधायची वेळ माझ्यावर पहिल्यांदा आली. मी कोणाकडे न बघता नाड्या बांधल्या.

दुसरा बोर्ड मी जिंकला, आणि रागात जिंकला. रागात बोट छान चालतं, हे नातीच्या पुस्तकात आहे की नाही मला माहीत नाही. वर बघायची गरजच पडली नाही. डायरेक्टरने फुंकायला स्ट्रायकर काढला की मी गप्प बसायचो, आणि त्या गप्प बसण्याचा त्यालाही त्रास होत होता, असं मला वाटतं. एकदा तो थांबला आणि त्याने माझ्याकडे बघितलं, जसा काही माझ्या बोलण्याचीच वाट बघतोय.

तिसरा बोर्ड. त्याची एक काळी गोटी उरली होती, माझ्या दोन पांढऱ्या, आणि लाल राणी अजून बोर्डावर. राणी पडल्याशिवाय कोणाला संपवता येत नाही, आणि राणी घेतली की लगेच आपली एक गोटी टाकून ती पक्की करावी लागते, नाहीतर ती परत मध्ये येते. पाळी माझी होती. एक रस्ता साधा होता. माझी गोटी राणीपुढे नेऊन ठेवायची, म्हणजे त्याला वाट मिळणार नाही, आणि थांबायचं. दुसरा रस्ता म्हणजे राणीच मारायची. ती बाजूला होती, कडेला निसटता स्पर्श करून कापावी लागणारी. पडली तर पक्की करायला माझी गोटी पॉकेटच्या तोंडावरच बसलेली होती.

बुटात अंगठा काय करत होता मला माहीत नाही. बूट कडक होता. मी वर बघितलं.

बायकोने डोळे मिटले होते. दोन्ही हात मांडीवर, पाठ ताठ, फोटो काढायला बसवल्यासारखी. सगळी सोसायटी तिच्या चेहऱ्याकडे बघत होती आणि तिने तो बंद करून टाकला होता. पोचवायला आलेली माणसं परत फिरतात आणि गाडीत आपण एकटे उरतो, तसं मला एकदम वाटलं. भीती वाटली, खोटं कशाला बोलू. आणि मग मी खाली बघितलं आणि राणी मारली.

गेली. अशी गेली की डायरेक्टरच म्हणाला, "वाह."

आता फक्त तोंडावरची गोटी. नातीसारख्या नवख्या पोरीनेही टाकावी अशी. मी मारली. गोटी गेली, आणि तिच्यामागून माझा स्ट्रायकरही गेला. फाऊल. राणी परत मध्ये आली, गोटी परत आली, दंडाची अजून एक आली. डायरेक्टरने स्ट्रायकर फुंकला नाही. सरळ राणी घेतली, सरळ आपली शेवटची काळी टाकली, आणि उठून माझा हात हातात घेतला. आजूबाजूला टाळ्या चालू होत्या. त्या कोणासाठी होत्या हे मला कळत होतं.

घरी आलो. बूट काढले. बायकोला विचारलं, "डोळे का मिटलेस?"

"सगळे माझ्याकडेच बघत होते. आणि तुम्ही बुटात. मला काय दिसणार होतं?" मग ती म्हणाली, "ती लाल मारायची नव्हती का?"

"मारायची होती."

"मग झालं की."

नात लॅपटॉप घेऊन आली. शेवटच्या राणीच्या वेळी ठिपका एकदा आजीवर गेला होता, तिथून परत आला, राणीवर बसला आणि तिथून हलला नाही. नात म्हणाली, "आबा, निर्णय बरोबर होता. पुढच्या फटक्याला बोट चुकलं. आमच्यात दोन्ही वेगवेगळं मोजतात."

"हे परत सांग."

तिने परत सांगितलं.

"हिंदीत सांग. उद्या लिफ्टमध्ये, लोकांसमोर."

तिने खरंच सांगितलं, एकदा लिफ्टमध्ये आणि एकदा दूधवाल्यापाशी. लोक मान हलवायचे. बरोबर निर्णय घेणाऱ्याला कोणी साहेब म्हणत नाही, ते जिंकणाऱ्याला म्हणतात, हे मलाही माहीत आहे. मी तरी कोणाला कधी म्हटलं होतं?

पुढच्या रविवारी मी पार्कात गेलो, चपला घालून. न जाणं म्हणजे लाजणं, आणि ते मला जमत नाही. डायरेक्टरसमोर बसलो. त्याने स्ट्रायकर काढला, फुंकला, पुसला, पुन्हा फुंकला. मी बराच वेळ सहन केलं. मग त्याच्याकडे बघून सरळ मराठीत म्हणालो, "पाणी तापलं का?"

तो इतका हसला की स्ट्रायकर हातातून पडला. "तुम्ही बोलत नव्हता तर मला मजा येत नव्हता," तो म्हणाला. नागपूरचं मराठी, पण शब्दांचं लिंग दिल्लीचं.

तेवढ्यात गेटवरून गार्डने हाक मारली, "चैंपियन साहब, आपका पार्सल."

मी वळलो. डायरेक्टर खाली वाकून स्ट्रायकर शोधत होता, त्याने मान वर केली नाही. त्याची बायको विणता विणता त्याला म्हणाली, "आपको बुला रहा है।"

"मुझे?" त्याने आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग खुर्चीत टेकून म्हणाला, "तुम्हीच बघा ना. मला अजून सवय नाही."

मी उठून गेटवर गेलो आणि त्याचं पार्सल घेऊन आलो. पुढच्या सव्वीस जानेवारीपर्यंत ते नाव त्याचं आहे, ते मला मान्य आहे. पण त्याला वापरता येत नसेल, तर तोवर नुसतं पडून कशाला राहू द्यायचं.